गाडीची किंमत आणि टायरांचा हिशेब



अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मंडळींसाठी गाडी ही चैनीची वस्तू नाही. न्यूयॉर्कसारखी मोजकी शहरे सोडली, तर डॉक्टरकडे जायचे असो, औषधे आणायची असोत किंवा नातलगांकडच्या मलिद्याला पोहोचायचे असो, गाडीवाचून पान हलत नाही. मुले बहुधा दुसऱ्या राज्यात असतात. त्यामुळे स्वतःची गाडी हाताशी असेल तोवर आपण कोणाचे मिंधे नसतो. पण निवृत्तीनंतर महिन्याचे उत्पन्न ठरलेले असते, आणि चुकीची गाडी घेतली तर ती पुढची दहा वर्षे खिशाला जड जाते.

मध्यम आकाराची सेडान घ्यायचे बहुतेकांचे ठरलेले असते. टोयोटा कॅमरी आणि होंडा अकॉर्ड ही त्यांतली दोन परिचित नावे. कॅमरी केंटकी राज्यातील जॉर्जटाउन येथे बनते, अकॉर्ड १९८२ मध्ये ओहायोतील मेरीसव्हिल येथे बनू लागली. प्रश्न येतो तो पुढे. एकाच गाडीचे पाच-सहा प्रकार असतात, त्यांतला कोणता घ्यावा? बहुतेक लोक किंमत पाहतात, मग सोयी पाहतात. टायर कोणी पाहत नाही. आमचे म्हणणे असे की या तिन्हींचा हिशेब एकत्र करावा, कारण किंमत एकदाच द्यायची असते, पण टायरांचे बिल पुन्हा पुन्हा येते.

आधी किंमत पाहू. अमेरिकेत विक्रीला असलेल्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर एक छापील कागद चिकटवलेला असतो. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली तसा कायदा झाला, म्हणून त्या कागदाला आजही ‘मन्रोनी स्टिकर’ म्हणतात. मूळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक जादा सोयीची किंमत आणि वाहतुकीचा खर्च त्यावर वेगवेगळा लिहिलेला असतो. गाडी कोठे जोडली गेली आणि एका गॅलनमध्ये किती मैल जाते हेही त्यावरच मिळते. तो कागद गाडी घेणाऱ्याशिवाय कोणी काढू शकत नाही.

काही शोरूममध्ये त्याच्या शेजारी दुकानदाराचा स्वतःचा दुसरा कागद असतो. रंगाचे संरक्षण, सीटवरचा थर, टायरांत नायट्रोजन अशी यादी त्यावर असते आणि बेरीज हजार डॉलरच्या वर जाऊ शकते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. या दुसऱ्या कागदावरची प्रत्येक ओळ नाकारता येते का, हे स्पष्ट विचारावे.

भारतात आपण ‘ऑन-रोड किंमत’ विचारत असू. येथे तिला ‘आऊट-द-डोअर’ म्हणतात. कर, नोंदणी, कागदपत्रांची फी, सगळे धरून येणारा हा आकडा लेखी मागावा. महिन्याचा हप्ता किती बसेल, या प्रश्नापासून बोलणी कधीही सुरू करू नयेत. मुदत ७२ किंवा ८४ महिन्यांची केली की कोणताही हप्ता लहान दिसतो आणि व्याज मात्र वाढत जाते.

आता सोयी. काही गोष्टी ‘खास’ म्हणून सांगितल्या जातात, पण त्या कायद्यानेच द्याव्या लागतात. टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा २००८ च्या मॉडेलपासून सर्व नव्या गाड्यांत आहे. मागे पाहण्याचा कॅमेरा मे २०१८ पासून सक्तीचा आहे. यांच्यासाठी वरचा प्रकार घेण्याचे कारण नाही. आपल्या वयाला खरोखर उपयोगी सोयी वेगळ्या आहेत. विजेवर वरखाली होणारी सीट, कंबरेला आधार, बाजूने येणारी गाडी दाखवणारा इशारा आणि थंड प्रदेशात गरम होणारी सीट, यांना पैसे मोजावेत. छपरातली काचेची खिडकी दिसायला छान, पण तिच्यामुळे डोक्यावरची जागा कमी होते आणि आत बसताना मान अधिक वाकवावी लागते. सेडान मुळात बुटकी असते, म्हणून शोरूममध्ये तीन-चार वेळा बसून, उठून पाहावे. त्यात लाज कसली?

यापुढे टायर. टायरच्या बाजूवर २२५/५० आर १७ असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की बाजूच्या रबराची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा आकडा म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे वरच्या टायरचे बाजूचे रबर सुमारे ११२ मिलीमीटर उंच आहे. त्याच्या जागी २३५/४० आर १९ घेतला तर ते ९४ मिलीमीटरच उरते. चाक मोठे होते, रबर पातळ होते. खड्डा आला की हे रबरच धक्का झेलते. ते कमी असेल तर धक्का रिमला लागतो आणि आपल्या कंबरेलाही.

हे दोन आकार आम्ही मुद्दाम निवडले, कारण २०२३ च्या अकॉर्डवर ते दोन्ही येतात. ईएक्स-एल हायब्रिड आणि स्पोर्ट-एल हायब्रिड या प्रकारांच्या जाहीर किमती अनुक्रमे सुमारे ३३,५०० आणि ३३,९०० डॉलर होत्या. दोन्हींत चामड्याच्या सीटा आणि तेच इंजिन. पण ईएक्स-एलला १७ इंची चाके, स्पोर्ट-एलला १९ इंची. सरकारी आकड्यांप्रमाणे पहिली एका गॅलनमध्ये सरासरी ४८ मैल जाते, दुसरी ४४. कॅमरीतही असाच प्रकार आहे. २०२५ पासून ती फक्त हायब्रिड मिळते. सर्वांत स्वस्त एलई प्रकाराला १६ इंची चाके आहेत आणि ती ५१ मैल जाते. १८ इंची चाकांचा एसई प्रकार महाग, तरी सुमारे ४७ मैल. हा फरक केवळ चाकांमुळे पडतो असे नाही, वजनही थोडे वेगळे असते. पण जास्त पैसे देऊन मैल कमी मिळतात, हे खरे.

टायरांचा खर्च कसा मोजावा, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, १७ इंची टायर १६० डॉलरला आणि १९ इंची २३० डॉलरला मिळतो. चार टायरांमागे फरक २८० डॉलर. जो वर्षाला १२,००० मैल चालवतो त्याचे टायर ४०,००० मैलांना संपले, तर बारा वर्षांत तीन वेळा नवे संच लागतील. फरक ८४० डॉलर झाला. किमती गावोगावी वेगळ्या असतील, म्हणून गाडी ठरवण्याआधी जवळच्या टायरवाल्याला फोन करावा आणि दोन्ही आकारांचा भाव विचारावा. बसवणे, बॅलन्सिंग आणि जुने टायर टाकून देणे धरून विचारावे. इस्राएलात पंचरियात जाऊन आपण हेच करतो. शिवाय राज्याची टायर फी असते. न्यूयॉर्कमध्ये ती दर टायरला अडीच डॉलर आणि न्यू जर्सीत दीड डॉलर आहे.

येथे कोणी म्हणेल, “आम्ही वर्षाला जेमतेम चार-पाच हजार मैल चालवतो, आमचे टायर घासणार कधी?” हाच मुद्दा ज्येष्ठांनी नीट लक्षात घ्यावा. रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते आणि त्याला भेगा पडतात. नक्षी चांगली दिसत असली तरी सहा वर्षांनी टायर बदलावा, असे अनेक गाडी-कंपन्या सांगतात. टायरवर डी-ओ-टी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष. ३२२४ असेल तर २०२४ चा बत्तिसावा आठवडा. नवा टायर घेतानाही हे आकडे पाहावेत, दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल घेऊ नये. तात्पर्य, पेट्रोलचा खर्च मैलांवर ठरतो, पण टायरचे बिल गाडी दारात उभी राहिली तरी येते. कमी चालवणाऱ्याला पेट्रोलमध्ये फारशी बचत होत नाही. पाच हजार मैलांना ४८ आणि ४४ मधला फरक वर्षाला जेमतेम दहा गॅलनचा. त्याच्यासाठी चाकांचा आकारच महत्त्वाचा.

आणखी दोन प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावेत. पहिला, गाडीत स्टेपनी आहे का? हल्ली अनेक गाड्यांत तिच्याऐवजी हवा भरण्याचा पंप आणि भोक बुजवण्याचे द्रव्य एवढेच देतात. बाजूने फाटलेल्या टायरवर त्याचा काही उपयोग नसतो. दुसरा, चारही चाकांना शक्ती देणारी गाडी हवीच का? बर्फाच्या प्रदेशात ती कामाची. पण अशा गाडीचा एक टायर फाटला तर उरलेल्या तिघांची झीज पाहावी लागते आणि कधी कधी चारही बदलावे लागतात.

टायरची झीज घरी तपासता येते. एक सेंटचे नाणे लिंकनचे डोके खाली करून नक्षीच्या खाचेत घालावे. डोके पूर्ण दिसले तर टायर संपला. इस्राएलात ‘टेस्ट’मुळे ही काळजी दुसरा कोणी घेतो. न्यूयॉर्कमध्येही वार्षिक तपासणी असते. न्यू जर्सीत मात्र २०१० पासून खाजगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद आहे, तेथे आपले आपणच पाहायचे.

शोरूममध्ये मोठी, चकचकीत चाके डोळ्यांत भरतात. मुले-नातवंडेही प्रेमाने म्हणतात, “बाबा, चांगली घ्या ना!” त्यांचे मन मोडू नये, पण काचेवरचा कागद, लेखी ऑन-रोड किंमत आणि टायरचा भाव या तीन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवाव्यात. सीट आरामाची, चाके लहान आणि कर्ज कमी, अशी गाडी आपल्या वयाला शोभते आणि परवडते. पुढची पुष्कळ वर्षे आपण ती स्वतः चालवावी, बेएज्रात हाशेम.