एक लाइट पुरतो

दिवाळी अंकाच्या फॅशन विभागासाठी ‘स्टुडिओत नेमकं काय चालतं ते बघून या’, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून अंधेरीतल्या एका लहानशा स्टुडिओत जाऊन बसले. लिहायचं होतं कपडे, मेकअप आणि मॉडेलबद्दल. नजर खिळली ती मात्र लाइट सांभाळणाऱ्या दादांवर. फोटोखाली त्यांचं नाव छापून येत नाही, पण चेहरा कसा दिसणार हे बऱ्याच अंशी त्यांच्याच हातात असतं.

मुंबईला स्टुडिओ नवे नाहीत. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. त्या काळी लाइट म्हणजे सूर्यप्रकाशच. उत्तरेकडे मोठी काच आणि उजेड कमीजास्त करायला पडदे, एवढी सोय असायची. पुढे विजेचे दिवे आले आणि १९३०च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. तरीही १९५० मध्ये अर्व्हिंग पेन यांनी ‘व्होग’साठी पॅरिसची फॅशन टिपली ती एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, मागे रंगभूमीचा जुना पडदा लावून. आजही ते फोटो फॅशन फोटोग्राफीतले आदर्श मानले जातात. साधेपणाला इतकी जुनी आणि भक्कम परंपरा आहे.

दादांची मांडणीही साधीच होती. स्टँडवर एक फ्लॅश, त्यापुढे १२० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारी कापडी पेटी. तो मॉडेलच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांत, डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर आणि किंचित खाली झुकवलेला. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची उभी शीट, एका अंगाने पांढरी आणि दुसऱ्या अंगाने काळी. पांढरं अंग पुढे केलं की सावली उजळते, काळं केलं की गाल आणि जबडा कोरल्यासारखा दिसतो.

कामाची खरी गंमत अंतरात आहे. लाइटपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. मॉडेल लाइटपासून एक मीटरवर आणि मागची पांढरी भिंत चार मीटरवर असेल, तर चेहऱ्याच्या मानाने भिंतीवर सोळावा हिस्सा उजेड पोचतो आणि पांढरी भिंत गडद राखाडी दिसते. मॉडेलला जागेवरच ठेवून लाइट तीन मीटरवर नेला, तर भिंत लाइटपासून सहा मीटरवर जाते. आता तिला चेहऱ्याच्या पाव हिस्सा उजेड मिळतो आणि तीच भिंत फिकट दिसू लागते. भिंतीवर वेगळा लाइट लावावा लागत नाही.

लाइट मागे नेला की मॉडेलच्या जागेवरून सॉफ्टबॉक्स लहान दिसतो, आणि लहान दिसणाऱ्या लाइटची सावली कडक कडेची पडते. म्हणून मऊ सावली हवी असेल तर लाइट जवळ आणायचा. पॉवर वाढवून हे साधत नाही. दादा फ्लॅशच्या बटणांना फारसा हात लावत नव्हते. ते स्टँड सरकवत होते आणि दर वेळी आधी मॉडेलच्या बुबुळात बघत होते. तिथे सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब वरच्या कोपऱ्यात दिसलं की त्यांचं समाधान व्हायचं. पापणीआड गेलं की लाइट थोडा खाली यायचा.

त्या दिवशी मॉडेलने पैठणी नेसली होती, नाकात नथ होती आणि वर्ण सावळा होता. या तिन्ही गोष्टींनी दादांची कसोटी पाहिली. पैठणीतली जर चमकदार असते, तिच्यात लाइटचंच प्रतिबिंब उमटतं. लाइट लहान असला की पदरावर पांढरेफटक ठिपके उठतात आणि मोरांची नक्षी हरवते. सॉफ्टबॉक्स जवळ आणून थोडा तिरका फिरवला, त्याच्या कडेचा मंद उजेड पदरावर पडू लागला, तेव्हा नक्षी उघडली. मग नथीची सावली थेट ओठांवर आली. स्टँड जरासा खाली घेतल्यावर ती गालाकडे सरकली, पण लगेच हनुवटीखालची सावली पुसट झाली. ती परत आणायला थर्माकोलचं काळं अंग पुढे करावं लागलं. एक अडचण सोडवली की दुसरी हजर.

सर्वांत नाजूक प्रश्न त्वचेचा. कॅमेऱ्यातला मीटर परावर्तित उजेड मोजतो आणि समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. त्यामुळे चौकटीत सावळी त्वचाच जास्त असेल तर तो एक्स्पोजर वाढवतो आणि तिचा मूळ रंग फिका पडतो. दादांनी हातातला मीटर मॉडेलच्या हनुवटीखाली धरला, त्याचा पांढरा घुमट लाइटकडे करून. तो पडणारा उजेड मोजतो, त्वचेच्या रंगाशी त्याला देणंघेणं नसतं. मग गालाच्या हाडावर लांबट, मऊ चमक येईल असा लाइट वळवला. सावळ्या चेहऱ्याचा आकार या चमकेतून उभा राहतो. एक्स्पोजर वाढवून गोरा केलेला चेहरा सपाट होतो, शिवाय तो त्या व्यक्तीचा राहत नाही.

मला काळजी वाटते ती इथेच. ऑनलाइन विक्रीच्या कॅटलॉगसाठी दोन्ही बाजूंनी सारखे लाइट लावतात, जमिनीवर टेप चिकटवून स्टँडच्या जागा ठरवतात आणि चेहऱ्यामागून चेहरे त्याच उजेडात उभे करतात. कापडाचा रंग ग्राहकाला नीट दिसावा म्हणून ते सोयीचं आहे, हे मान्य. पण त्याच सवयीने माणसांचे फोटोही काढले जाऊ लागले, आणि उरलेली कसर रंग उजळवणारा फिल्टर भरून काढतो. अशा सेटवर लाइट हलवायचं कारणच उरत नाही. मग तो हलवणारा हात नवा माणूस कुठे शिकणार?

स्वतःचा किंवा घरातल्या कोणाचा फोटो काढून घ्यायला स्टुडिओत गेलात, तर निदान एक फोटो एकाच लाइटवर काढायला सांगा, आणि त्वचा उजळवू नका असं स्पष्ट बजावा. घरी काढणार असाल तर खोलीतले सगळे दिवे बंद करा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी माणसाला तिरकं बसवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा. चांगल्या पोर्ट्रेटला एवढं पुरतं.