जुना संगणक, नवा सर्व्हर

शाळेत नवा सर्व्हर येतो, बाकीचे संगणक निमूट जोडले जातात आणि विंडोज एक्सपीचा जुना डबा तेवढा अडून बसतो. पिंगला उत्तर येतं, पण सामायिक फोल्डर उघडत नाही. केंदूरसारख्या गावात काय आणि पुण्यात काय, मग केबल बदलण्यात तास जातो.

दोष केबलचा नसतो. फोल्डर वाटून घेण्याची एसएमबी ही पद्धत १९८०च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली. जोडणी होताच संगणक आपल्याला येणाऱ्या आवृत्त्या सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर त्यातली एक निवडतो. एक्सपीला फक्त पहिली येते, विंडोज ७ला २.१पर्यंतच्या. नव्या सर्व्हरवर पहिली बंद असते, त्यामुळे बोलणं तिथेच तुटतं.

ती बंद का? मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच भोकातून सुमारे १५० देशांत पसरला. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण एक्सपीचा आधार २०१४लाच संपलेला. जूनमध्ये नॉटपेट्यानेही तेच भोक वापरलं. त्या साथीत न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूहाच्या कंटेनर टर्मिनलचं काम अडलं.

तरीही ‘सर्व्हरवर पहिली आवृत्ती चालू करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. एका डब्यासाठी साऱ्या शाळेच्या फायली धोक्यात घालणं मला तरी पटत नाही. सर्व्हर आहे तसा ठेवावा आणि डब्यात एखादी हलकी लिनक्स टाकावी. तिला एसएमबीची तिसरी आवृत्तीही येते. केंदूरशेजारच्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात मुलं हातांनी काम करत शिकतात. हे काम त्याच जातीचं, नववीच्या पोरांना सहज जमेल.

हिशेबाचं किंवा यंत्र चालवण्याचं सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालतच नसेल, तर मात्र त्या संगणकाचं इंटरनेट तोडावं आणि फायली पेनड्राइव्हने, तपासून, न्याव्यात. कटकट आहे खरी.

आणि सगळं करूनही लॉगिन नाकारलं गेलं, तर घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. डोमेनवरच्या केर्बेरॉस तपासणीत सर्व्हरच्या वेळेशी साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. सीआर २०३२ हा गोल सेल बदलायचा, वेळ लावायची आणि पुन्हा लॉगिन करायचं.