सामुदायिक सौर प्रकल्प

सामुदायिक सौर प्रकल्प म्हणजे एका ठिकाणी उभारलेल्या सौरविद्युत प्रकल्पात अनेक वीजग्राहकांनी वाटा घेण्याची आणि त्या वाट्याच्या प्रमाणात वीजबिलात वजावट मिळवण्याची पद्धत होय. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. भाडेकरू, बहुमजली इमारतींतील रहिवासी आणि ज्यांच्या छतावर सावली पडते अशा कुटुंबांना घरी सौर संच बसवता येत नाही. त्यांना सौरऊर्जेचा आर्थिक लाभ मिळावा, हा या पद्धतीचा हेतू आहे.

इतिहास

कोलोरॅडो राज्याने २०१० मध्ये, तर मिनेसोटाने २०१३ मध्ये यासंबंधी कायदे केले. या दोन्ही राज्यांत अशा प्रकल्पांना ‘सौर बाग’ म्हणतात. न्यूयॉर्क राज्यात २०१५ मध्ये अशा योजनेस मान्यता मिळाली.

कार्यपद्धती

प्रकल्पातील वीज थेट वर्गणीदाराच्या घरी जात नाही. ती वीजवितरण कंपनीच्या जाळ्यात सोडली जाते आणि मीटरवर मोजली जाते. प्रत्येक वर्गणीदाराच्या वाट्याला आलेल्या विजेचे मूल्य ठरलेल्या दराने काढून त्याच्या बिलातून वजा केले जाते. त्यामुळे घरातील तारा किंवा मीटर बदलावे लागत नाहीत आणि वीज गेल्यास इतरांप्रमाणे वर्गणीदाराच्या घरीही अंधार होतो.

बचतीचे गणित

वजावट म्हणजे बचत नव्हे. वजावटीतून प्रकल्पचालकाला द्यावयाची वर्गणी वगळल्यावर जे उरते, तीच खरी बचत होय. उदाहरणार्थ, एखाद्या महिन्यात १०० डॉलरची वजावट मिळाली आणि करारानुसार तिच्या ९० टक्के वर्गणी असेल, तर ग्राहकाचे १० डॉलर वाचतात. वर्गणी अशी वजावटीच्या प्रमाणात असेल, तर वर्गणीदाराला सहसा तोटा होत नाही. याउलट, वर्गणीचा दर प्रतियुनिट ठरलेला असून तो दरवर्षी वाढणार असेल आणि वजावटीचा दर त्या प्रमाणात वाढला नाही, तर बचत घटत जाते. प्रसंगी तोटाही होतो. उन्हाळ्यात उत्पादन अधिक व हिवाळ्यात कमी असल्याने बचतीचा अंदाज वर्षभराच्या हिशेबावर करावा लागतो.

काही ठिकाणी वाटा एकरकमी विकत घेता येतो, तर काही ठिकाणी मासिक वर्गणी असते. मासिक वर्गणीत सौर संच ग्राहकाच्या मालकीचे होत नाहीत.

मर्यादा

वाटा किती मोठा घेता येईल, यावर साधारणपणे वर्षभराच्या वीजवापराच्या प्रमाणात मर्यादा असते. कराराची मुदत, तो मध्येच सोडल्यास होणारा आकार, घर बदलल्यास वाट्याचे काय होते आणि बिले दोन येतात की एक, या बाबी करारागणिक भिन्न असतात. मोठे ग्राहक वाटे घेऊन जातात व गरजू कुटुंबे मागे राहतात, अशी टीकाही झाली. मिनेसोटाने २०२३ च्या कायद्याने कमी व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी क्षमतेचा काही हिस्सा राखून ठेवला.

भारतातील स्थिती

याच तत्त्वावरील व्यवस्थेला भारतात ‘आभासी नेट मीटरिंग’ म्हणतात. तिच्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे दिल्लीत २०१९ मध्ये जाहीर झाली. सौर संच एका ठिकाणी असला, तरी त्याच्या विजेची नोंद सहभागी ग्राहकांच्या बिलांत वाटून करण्याची तरतूद तीत आहे.