चुकीच्या उत्तरामागचा विचार

पाच वर्षांच्या मुलासमोर सारख्या आकाराचे दोन पेले ठेवावेत आणि दोन्हींत सारखेच सरबत ओतावे. दोन्हींत सारखेच आहे, हे ते मान्य करते. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातील सरबत उंच, अरुंद ग्लासात ओतून 'आता जास्त कशात?' असे विचारले, तर या वयाची बहुतेक मुले बेधडक उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. मोठ्यांना हसू येते, क्वचित काळजीही वाटते. मात्र अशाच 'चुकीच्या' उत्तरांकडे गांभीर्याने पाहिले गेले, तेव्हा बालमानसशास्त्राची दिशा बदलली.

या बदलाचे श्रेय प्रामुख्याने जाँ पियाजे यांना जाते. १८९६ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले पियाजे मूळचे प्राणिशास्त्राचे अभ्यासक. १९१९ मध्ये ते पॅरिसला गेले आणि तेथे मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या प्रमाणित करण्याचे काम त्यांच्याकडे आले. बरोबर उत्तरांची मोजदाद करणे एवढेच ते काम होते. पियाजे यांचे लक्ष मात्र चुकांनी वेधून घेतले. एका वयाची मुले बऱ्याचदा एकाच पद्धतीने चुकत होती. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की मुलाला मोठ्यांपेक्षा केवळ कमी माहिती असते असे नाही, तर त्याची विचार करण्याची रीतच निराळी असते. पुढे जिनिव्हात त्यांनी असंख्य मुलांशी संवाद साधला आणि स्वतःच्या तीन अपत्यांच्या बारीकसारीक हालचालींच्या नोंदी ठेवल्या.

त्यातून विचारविकासाच्या चार अवस्थांची मांडणी झाली. जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत मूल हाताने, तोंडाने, डोळ्यांनी जग जाणते; दृष्टीआड झालेली वस्तूही अस्तित्वात असते, ही जाण याच काळात पक्की होते. दोन ते सात या वयात भाषा आणि कल्पना बहरतात. काठीचा घोडा होतो, नारळाच्या करवंटीची कढई होते. पण विचार एका वेळी एकाच बाजूवर खिळतो. ग्लासाची उंची दिसते, रुंदी निसटते. सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल सांगू लागते, 'ग्लास उंच आहे, पण बारीक आहे' किंवा 'परत पेल्यात ओतले तर तेवढेच भरेल'. केलेली कृती मनातल्या मनात उलटी फिरवण्याची ही क्षमता गणिताचा पाया ठरते. अकरा-बारा वर्षांनंतर प्रत्यक्ष समोर नसलेल्या शक्यतांचा, गृहीतकांचा विचार जमू लागतो.

या मांडणीला पुढे मोठ्या दुरुस्त्याही झाल्या. मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये दाखवून दिले, की प्रश्न मुलाला अर्थपूर्ण वाटेल अशा रीतीने विचारला तर ते पियाजे यांच्या अपेक्षेपेक्षा लवकर योग्य उत्तर देते. सोंगट्यांची रांग मोठ्या माणसाने पसरवली, की संख्या वाढली असे सांगणारी अनेक मुले, तीच रांग खोडकर बाहुल्याने विस्कटली तेव्हा 'तेवढ्याच आहेत' असे म्हणाली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे उत्तरही बदलायला हवे, असा मुलाचा तर्क असू शकतो. रशियातील लेव्ह व्हिगोट्स्की यांनी दुसऱ्या बाजूवर भर दिला. मूल एकट्याने जे करू शकते त्याच्या थोडे पुढे, जाणत्याच्या मदतीने ते पोहोचू शकते. म्हणजे वयाच्या पायऱ्या काटेकोर नाहीत आणि भोवतालची माणसे या वाढीत प्रेक्षक नाहीत.

हा सारा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. पियाजे यांच्या अनुयायी कॉन्स्टन्स कामी यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना सोळा सोंगट्या मोजायला लावल्या, '१६' हा आकडा दाखवला आणि त्यातील '१' म्हणजे किती सोंगट्या, असे विचारले. अनेक मुलांनी दहाऐवजी एकच सोंगटी दाखवली. हीच मुले वहीत आकडे बिनचूक लिहीत असतात. हातच्याची बेरीजही सरावाने उतरवता येते. मात्र हातचा एक म्हणजे दहा, हे उमगलेले नसते. भरलेली वही पाहून पालक निर्धास्त होतात. तिसरी-चौथीत गणित अवघड जाऊ लागले, की दोष मुलाच्या बुद्धीला दिला जातो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ आणि कृतीवर भर दिला आहे, तो यासाठीच. मराठी मुलखाला ही वाट अनोळखी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे पाने, शिंपले, बिया, खडे हेच शिक्षणसाहित्य मानून आदिवासी मुलांची बालवाडी उभी केली. वस्तू हाताळत, मांडत आणि मोडत मूल विचार घडवते, यावर त्यांची श्रद्धा होती.

घरी यासाठी महागडे साहित्य लागत नाही. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग, स्वयंपाकघरातील वाट्या, बाजारातील सुटे पैसे पुरेसे आहेत. उत्तर चुकले तर ते लगेच खोडून काढण्याआधी 'तुला असे का वाटले?' एवढे विचारावे आणि उत्तर बरोबर आले तरीही तेच विचारावे. उंच ग्लासाकडे बोट दाखवणाऱ्या मुलाला 'चूक' म्हणून गप्प करता येते. त्याऐवजी ते सरबत त्याच्याच हाताने पुन्हा पेल्यात ओतायला सांगता येते. लगेच उमजेलच असे नाही. पण पडताळून पाहण्याची सवय लागते, आणि पुढची समज तिच्याच आधारे येते.