सिकलसेल, संशोधन आणि सरकारी तिजोरी

आपल्या चळवळीच्या निवेदनांत शिष्यवृत्ती असते, वसतिगृह असते, गायरान असते, नोकऱ्यांतला अनुशेष असतो. वैद्यकीय संशोधनासाठी शासनाने पैसा द्यावा, ही मागणी मी एकाही मोर्च्याच्या निवेदनात वाचलेली नाही. अशी निवेदने मी स्वतः कितीतरी लिहून दिली. त्यांतही ती नव्हती. संशोधन हा पांढरपेशांचा विषय, आपल्याला त्याचे काय, अशी माझीही समजूत होती.

ती मोडली एका विद्यार्थ्यामुळे. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो. आठवीतला एक मुलगा पावसाळ्यात आणि थंडीत आठ-आठ दिवस गैरहजर राही. हातपाय दुखतात, म्हणे. मी त्याला कामचुकार समजलो आणि एकदा भर वर्गात उभा करून नको ते बोललो. त्याचे डोळे पिवळे दिसत, म्हणून घरच्यांनी कावीळ उतरवून आणली. कोणी संधिवाताच्या गोळ्या दिल्या. शेवटी नागपूरला रक्त तपासले तेव्हा कळले, 'एसएस पॅटर्न', म्हणजे सिकलसेल. त्याच्या आईने मला विचारले, "गुरुजी, हा रोग आमच्याच लेकरायले काहून होते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे मी जे वाचले ते त्या प्रश्नासाठी.

रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते. या रोगात हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. प्राणवायू कमी पडला की ती पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. तीच ती वेदना. एरवी १२० दिवस जगणारी पेशी येथे दहा-वीस दिवसांत मरते. कावीळ आणि पंडुरोग त्यातून येतात. आई व बाप दोघेही वाहक, म्हणजे 'एएस', असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी निपजण्याची शक्यता चारांत एक. वाहकाला मात्र जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवून दिले. म्हणून हा गुण हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत टिकला. गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा आणि विदर्भातला पूर्वाश्रमीचा महार समाज यांच्यात तो अधिक आढळतो, कुणबी-तेल्यांतही सापडतो. तेव्हा हा 'जातीचा रोग' नव्हे. रोगाला जात नसते. पण जातीबाहेर लग्न होऊ न देणारी व्यवस्था त्याला कुंपण घालून ठेवते, हेही तितकेच खरे.

आता पैशाची गोष्ट. अमेरिकेत हा रोग मुख्यतः काळ्या लोकांचा. शिकागोच्या हेरिक यांनी १९१० साली तो प्रथम नोंदवला. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे सिद्ध केले. जगातला पहिला 'रेणूचा रोग' म्हणून विज्ञानाला कौतुक फार, पण रोग्याच्या हाती काही पडले नाही. रॉबर्ट स्कॉट या डॉक्टरांनी १९७० साली हिशेबच मांडला: जवळपास तितकेच रोगी असलेल्या, पण गोऱ्यांच्या मुलांना होणाऱ्या रोगांवर कितीतरी अधिक पैसा गोळा होतो. ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या दवाखान्यांतून रक्ततपासण्या सुरू केल्या, आणि मे १९७२ मध्ये सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा होऊन सरकारी तिजोरी उघडली. आपल्याकडे दलित पँथर जन्मली तेही हेच वर्ष.

त्या सरकारी पैशातून काय निघाले? १९८६ साली २१५ बालकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. रोज दोनदा पेनिसिलिन दिल्याने प्राणघातक संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. फायदा इतका उघड की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पेनिसिलिन हे जुने, स्वस्त औषध. त्यावर कोणती कंपनी पैसे घालणार होती? जेथे नफा नाही तेथे बाजार प्रश्नच विचारत नाही. तो प्रश्न लोकांच्या तिजोरीलाच विचारावा लागतो. हायड्रॉक्सियुरिया हेही कर्करोगाचे जुने औषध. वेदनेचे झटके त्याने जवळजवळ निम्म्यावर येतात, हे १९९५ साली सरकारी खर्चाच्याच चाचणीने दाखवले.

मग तेथले ज्ञान येथे आयते वापरावे, असे कोणी म्हणेल. ते पुरत नाही. भारतात आढळणारा सिकलसेल सौम्य, असे पुष्कळ दिवस समजले जाई. नागपूरच्या बालकांच्या नोंदींनी तो समज खोटा ठरवला. अमेरिकेत औषधाची मात्रा सहन होईल तितकी वाढवत नेतात, त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. खेड्यातल्या मजुराला ते कसे जमावे? नागपूरच्याच डॉक्टरांनी २०१२ साली दाखवले की किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, एवढ्या ठरावीक कमी मात्रेनेही आपल्या मुलांचे झटके घटतात. हे उत्तर आपल्या मुलांना तपासूनच मिळाले, दुसरीकडे मिळालेच नसते.

सरकारी पैसा म्हणजे आपोआप न्याय, असे मात्र मी म्हणत नाही. १९७२ च्याच जुलैत टस्कीगीचे प्रकरण उघडकीस आले: सरकारी खात्याने शेकडो काळ्या माणसांचा उपदंश चाळीस वर्षे औषधाविना नुसता 'पाहिला', आणि औषध तेच पेनिसिलिन होते. सिकलसेलच्या तपासण्यांतही वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. म्हणून संमती आपली हवी, आणि काय शोधायचे हे ठरवणाऱ्या समितीत आपला माणूस हवा. किमतीवर अटही हवी: २०२३ साली अमेरिकेने मंजूर केलेल्या जनुकीय उपचाराची किंमत एका रोग्यामागे २२ लाख डॉलर आहे.

आपल्या केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. चांगले आहे, पण मोजणे म्हणजे शोधणे नव्हे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी रुपये मिळाले. त्यांतले आरोग्य संशोधनाला सुमारे ३,९०१ कोटी. शंभरातले चारही नाहीत. आणि ते सगळ्या रोगांसाठी. उन्हात निंदणी-कापणी करणाऱ्या रोगी बाईचे बाळंतपण कसे सुखरूप करावे, तिशीत खुब्याचे हाड झिजलेल्या मजुराने कोणते काम करावे, कमी मात्रेचे औषध वीस वर्षे घेतल्यावर काय होते, हे प्रश्न त्या चार रुपयांच्या रांगेत उभे आहेत.

परवा तालुक्याच्या निवेदनात मी हे कलम घातले: सिकलसेलच्या संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद, आणि समितीत रोग्यांचे प्रतिनिधी. एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, तहसीलदार याचं काय करणार?" मी म्हणालो, वसतिगृहाच्या कलमाचे करतो तेच. वर पाठवील.