बारीक केलं की झालं?

चेन्नईत कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनांत नॅनोकणांवरचा एक तरी तक्ता असतो, आणि त्यावर खडीसाखर-पिठीसाखरेचं चित्र हमखास. पिठीसाखर लवकर विरघळते कारण तिचा पृष्ठभाग जास्त. धातूचे नॅनोकण चांगले उत्प्रेरक असतात, कारण त्यांचाही पृष्ठभाग जास्त. विषय संपला! पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही, त्यांना शिकवणाऱ्यांनीच हे असं सांगितलेलं असतं.

पृष्ठभाग वाढतो, हे खरंच. पण किती? कणाचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच वजनाच्या धातूचा पृष्ठभाग दुप्पट होतो. त्याहून जास्त नाही.

आता शहराच्या उत्तरेला मणलीत चला (हिमाचलातलं मनाली नव्हे). मद्रास फर्टिलायझर्सचा कारखाना तिथे १९७१पासून खत बनवतो. त्यासाठी लागणारा अमोनिया हवेतल्या नायट्रोजनपासून होतो आणि तिथला उत्प्रेरक म्हणजे आपलं साधं लोखंड. नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तोडणं, हे त्यातलं सगळ्यात चिवट काम. ते लोखंडाच्या पृष्ठभागावर होतं, पण कुठल्या पृष्ठभागावर? बर्कलेच्या गाबोर सोमोरजाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाचे एकसंध स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी कापून तीन पैलू उघडे केले आणि प्रत्येकावर अमोनिया तयार होण्याचा वेग मोजला. १९८२मध्ये ‘जर्नल ऑफ कॅटॅलिसिस’मध्ये छापलेलं उत्तर असं: १११, १०० आणि ११० या पैलूंवरच्या (हे आकडे म्हणजे स्फटिक कुठल्या दिशेने कापला त्याची खूण) वेगांचं प्रमाण ४१८ : २५ : १. धातू तोच, तापमान तेच, दाबही तोच.

हा चारशेपट फरक नुसत्या बारीक करण्यातून मिळवायचा, तर १० नॅनोमीटरचा कण सुमारे ०.०२४ नॅनोमीटरचा करावा लागेल. लोखंडाचा एक अणूच साधारण ०.२५ नॅनोमीटरचा असतो! म्हणजे अणूचेही दहा तुकडे करायचे.

फरक येतो तो अणूंच्या मांडणीमुळे. लोखंडाच्या स्फटिकात ११० पैलूवर अणू दाटीने, सपाट बसलेले असतात. १११ पैलू मात्र विरळ आणि खडबडीत. तिथे वरच्या थराच्या फटींतून खालचे, सात शेजारी असलेले अणूही वायूला सापडतात आणि नायट्रोजन तोडण्यात तेच तरबेज. खडीसाखरेच्या कुठल्याही पैलूला जीभ लावली तरी गोडी एकच. लोखंडाचं तसं नाही.

सोमोरजाईंचे स्फटिक नॅनो नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. पण नॅनोकण हाही बहुधा एक चिमुकला स्फटिकच असतो, आणि त्याच्या आकारावर ठरतं की बाहेर कुठले पैलू येणार. प्लॅटिनमचा घनाकृती कण १०० पैलू दाखवतो, चतुष्फलक १११. बर्कलेतच २००७मध्ये घनाकृती प्लॅटिनमकणांवर बेंझीनला हायड्रोजन जोडला तेव्हा फक्त सायक्लोहेक्झेन मिळालं. दोन्ही प्रकारचे पैलू असलेल्या कणांवर सायक्लोहेक्झीनही निघालं. वेग सोडाच, पदार्थच बदलला. पिठीसाखरवाल्यांनी हे कसं समजवायचं ते त्यांनीच सांगावं.

इथे एक पाठांतराची खोड. ‘१११ पैलू सगळ्यात सक्रिय’ असं बरेच जण घोकतात. लोखंडात १११ विरळ असतो, तर प्लॅटिनममध्ये तोच सगळ्यात दाट, कारण दोघांच्या आतल्या अणूंची रचनाच वेगळी. आणि ही रचना धातूला जन्मभर चिकटलेली असते, असंही नाही. रुथेनियम एरवी षट्कोनी रचनेत असतो. जपानच्या हिरोशी कितागावांच्या गटाने २०१३मध्ये त्याचे घन रचनेचे नॅनोकण तयार केले. कार्बन मोनॉक्साइड जाळण्यात मोठ्या कणांमध्ये ही नवी रचना सरस ठरली, अगदी लहान कणांमध्ये जुनीच.

‘जितका लहान तितका चांगला’ हेही टिकत नाही. कोबाल्ट वापरून वायूपासून इंधन बनवतात, तिथे कण साधारण ६ नॅनोमीटरहून लहान झाले की पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूचा वेग घसरतो, असं उट्रेख्टच्या संशोधकांनी २००६मध्ये दाखवलं.

तक्तेवाल्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की काही अभिक्रिया खरोखरच पैलूंची पर्वा करत नाहीत. प्लॅटिनमवर एथिलीनला हायड्रोजन जोडणं ही त्यातली एक. तिथे पृष्ठभागाचं गणित चालतं.

बाकीचे गैरसमज झटपट. सोनं निष्क्रिय? लगडीतलं, हो. मासाताके हारुतांनी १९८७मध्ये सोन्याच्या नॅनोकणांवर शून्याखालच्या तापमानातही कार्बन मोनॉक्साइड जाळून दाखवला. नॅनो-उत्प्रेरक हे नवं फॅड? पेट्रोल सुधारायला बारीक विखुरलेला प्लॅटिनम तेलशुद्धीकरण कारखाने १९४९पासून वापरतात. हवा तो आकार घडवायला महागडी यंत्रंच लागतात? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्रींच्या गटाने २००४मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवले.

आणि उत्प्रेरक बदलत नाही म्हणे! मुस्तफा एल-सय्यद आणि राधा नारायणन यांनी २००४मध्ये पाहिलं की अभिक्रिया चालू असतानाच प्लॅटिनमच्या चतुष्फलक कणांचे कोपरे झिजतात. त्यामुळे ‘आमच्या चतुष्फलक कणांनी हे केलं’ असं तक्त्यावर लिहायचं असेल, तर प्रयोग संपल्यावर काढलेला कणांचा फोटोही शेजारी लावावा.