लिंबू की सोडा? किचनमधली उपकरणं घरच्या घरी साफ करण्यामागचं लॉजिक

रील तुम्हीही पाहिलं असेल. इलेक्ट्रिक किटलीत दोन चमचे खायचा सोडा, त्यावर अर्धा कप व्हिनेगर, मग भसाभसा फेस आणि पुढच्याच कटमध्ये किटली चकाचक! मी हे दोनदा करून पाहिलं. फेस झकास आला, पण तळाचा पांढरा थर जागचा हलला नाही. तिसऱ्या वेळी सोडा बाजूला ठेवला आणि नुसतं व्हिनेगर-पाणी गरम केलं. अर्ध्या तासात थर सुटला.

असं का झालं? चला, समजून घेऊया. हे एकदा कळलं की प्रत्येक उपकरणासाठी वेगळं रील शोधावं लागणार नाही.

फेस म्हणजे सफाई नाही

व्हिनेगर आम्ल आहे आणि सोडा अल्कली. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना संपवतात. उरतं काय? पाणी, सोडियम ॲसिटेट नावाचं क्षार आणि हवेत उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. तो फेस म्हणजे हाच वायू.

थोडा हिशोब करू. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरमध्ये साधारण ५ ग्रॅम ॲसिटिक ॲसिड असतं. ते पूर्ण संपवायला ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे जेमतेम दीड चमचा. रीलमधल्या प्रमाणात तुम्ही किटलीत जवळपास खारट पाणीच ओतत असता.

म्हणून नियम सोपा आहे: आधी डाग कसला आहे ते बघा. पांढरा क्षार असेल तर आम्ल, तेलकट चिकटा असेल तर सोडा. दोन्ही एकाच वेळी नाही.

किटली, गीझरची बादली, नळाची जाळी: इथे आम्ल

नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं. पण बऱ्याच सोसायट्यांत बोअरवेलचं पाणीही वापरलं जातं. जमिनीखालच्या खडकातून झिरपताना त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट वेगळा होऊन तळाला बसतो. थर जाड झाला की पाणी तापायला जास्त वेळ लागतो आणि वीजही जास्त जाते.

उपाय: अर्धं व्हिनेगर आणि अर्धं पाणी घालून किटली एकदा गरम करा, स्विच बंद करून प्लग काढा, अर्धा तास तसंच ठेवा. व्हिनेगरचा वास नको असेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड घाला. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व किंवा लिंबाचं फूल म्हणून मिळतं. नंतर साधं पाणी दोनदा उकळून फेकून द्या.

आपल्या शहराला ही ट्रिक काही नवी नाही. जुन्या नाशकातल्या भांडी बाजारातून आणलेली तांब्या-पितळेची भांडी आजी चिंचेनेच घासायची. चिंचेतलं टार्टरिक ॲसिड तांब्यावरचा काळपट ऑक्साइड विरघळवतं. गंमत म्हणजे आपल्या द्राक्षांतही हेच ॲसिड असतं.

चिमणीचा फिल्टर, मिक्सरचं भांडं: इथे सोडा

फोडणीचं तेल हवेत उडून चिमणीच्या जाळीवर बसतं आणि हळूहळू गोंदासारखं चिकट होतं. इथे लिंबू फारसं कामाचं नाही. स्टीलचा फिल्टर कडक पाण्यात दोन-तीन चमचे सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास बुडवून ठेवा, मग ब्रशने घासा.

पण जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वापरू नका, ती काळी पडते. तिथे फक्त लिक्विड आणि गरम पाणी.

मिक्सरच्या भांड्यात ब्लेडखाली मसाला अडकला असेल तर सोड्यात थोडं पाणी घालून पेस्ट करा, पंधरा मिनिटं ठेवा आणि जुन्या टूथब्रशने काढा. झाकणाचं रबर काढून वेगळं धुवा, वास बहुतेक तिथेच असतो.

मायक्रोवेव्ह: खरं काम वाफेचं

काचेच्या बाऊलमध्ये एक कप पाणी, अर्ध्या लिंबाच्या फोडी आणि एक लाकडी चमचा ठेवा. चमचा यासाठी की मायक्रोवेव्हमध्ये पाणी कधी कधी न उकळता जास्त तापतं आणि हलवलं की एकदम उसळतं. तीन मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंदच ठेवा, मग ओल्या कपड्याने पुसा. वाळलेले डाग वाफेने मऊ होतात. लिंबाचं काम मुख्यतः वास घालवण्याचं.

हळदीचा डाग: सोडा नको, ऊन द्या

मिक्सरचं पिवळं झाकण सोड्याने घासलंत तर डाग लालसर दिसेल. घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. झाकण धुऊन एक-दोन दिवस गच्चीवर किंवा बाल्कनीत कडक उन्हात ठेवा. उजेडाने कर्क्युमिन तुटतं आणि पिवळेपणा फिका होतो. खर्च शून्य.

या चुका मात्र अजिबात नकोत

- ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद किचनमध्ये किंवा बाथरूममध्ये तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. चुकून मिसळलंच, तर वास घेत थांबू नका. लगेच मोकळ्या हवेत या. श्वासाला त्रास होत असेल तर १०८ वर फोन करा. 'नॅचरल' लिहिलेली वस्तूसुद्धा चुकीच्या जोडीदारासोबत धोकादायक ठरते.
- प्लग काढल्याशिवाय कोणतंही उपकरण पुसू नका. किटलीचा खालचा भाग आणि मिक्सरची मोटर पाण्याखाली धरू नका.
- मार्बल किंवा कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू-व्हिनेगर सांडू देऊ नका. या दगडांतही कॅल्शियम कार्बोनेट असतं. किटलीतला थर जसा विरघळतो, तशीच ओट्याची चमकही जाते.
- मिश्रण बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नका. वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

पुढच्या वेळी फेसवालं रील आलं की एकच प्रश्न विचारा: यातलं आम्ल कुठलं आणि अल्कली कुठली? दोन्ही एकाच भांड्यात दिसले, तर खुशाल पुढे स्क्रोल करा. आणि घरात कोणी ब्लीचमध्ये काही मिसळत असेल, तर हा लेख आत्ताच फॅमिली ग्रुपवर टाका.